लोणकरबाबूंच्या जोड्या

आमच्या समुद्रपुरात लोणकरबाबूंना चुकवून दूध आणता येत नाही. फाटकातच उभे असतात.

"मॅडम, मेंढ्याले इंग्रजीत काय म्हणते?"

"रॅम."

"अन् मेंढीले?"

इथं माझी गाडी अडते. "यू," ते खेदानं सांगतात. "शाळेत शिकवून राह्यल्या, अन् मेंढी माहीत नाई." मी गणित शिकवते हो, पण सांगता कुणाला?

बाबू जनावरांच्या दवाखान्यात कारकून होते. रजिस्टर इंग्रजीत, आणि नर-मादीचा शब्द चुकला तर बाबूंना घास गोड लागायचा नाही. एकदा एकानं पोट फुगलेला बोकड आणला. "जीव चालला बाबू, काईबी लिवा." "काईबी नाई लिवत इथं," म्हणत बाबूंनी 'बिली गोट' लिहिलं, आणि मग स्वतःच बोकडाचे पाय धरून डॉक्टरांपुढे उभे राहिले.

घरीही तेच. संध्याकाळी ओट्यावर बसून नराचं नाव घ्यायचे, मादीचं आतून सुमनकाकू फेकायच्या. काकू सातवी पास, पण कधी चुकल्या नाहीत. "ड्रेक." "डक, अन् आता जेवाले या." सारी गल्ली ऐकायची.

मागच्या उन्हाळ्यात काकूंना लकवा मारला. हात थोडा सावरला, वाचा मात्र गेली ती गेलीच. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीचं बोलत राहा, येईल कदाचित. बाबू माझ्याकडे येऊन बसले. "बोला म्हणते. काय बोलू मॅडम? मले दुसरं येतेच काय?"

तेव्हापासून रोज दुपारी खाटेजवळ खुर्ची ओढतात आणि जोडीतलं पहिलं नाव घेऊन थांबतात. तिकडून काहीच येत नाही. दिवसभरात कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून ते आम्हाला फाटकात अडवतात, हे मला फार उशिरा कळलं. आधी मी चिडायचे, त्याची आता लाज वाटते.

परवा रविवारी मी कढी घेऊन गेले. मी दारातच थांबले.

"बुल," बाबू म्हणाले. काकू आढ्याकडे बघत होत्या. "स्टॅलियन." काही नाही. "गँडर." त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला. "राहू दे आज. थकली असशील."

काकूंनी मान वळवली. जड जिभेनं एकेक अक्षर ओढत त्या म्हणाल्या, "जेव...ले... का?"

बाबू गरकन माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी ऐकलं नं? मले भास नाई झाला?"

"ऐकलं."

"खरंच ऐकलं?"

"हो बाबू. पण मला काय विचारता? त्या वाट पाहून राहिल्या, त्यांना सांगा."

बाबू परत खाटेकडे वळले. "नाई जेवलो," ते म्हणाले. "तुह्यासाठी थांबलो होतो."