नाही म्हणायचं प्रशिक्षण

कॉर्डेलिया हॅनफर्डचा घसा बसला तो नेमका बुधवारी, आणि गुरुवारी सकाळी तिला कर्नल स्टॅडलरसमोर तासभर बोलायचं होतं. विषय होता, साध्या खोकल्याला अँटिबायोटिक मागणाऱ्या रुग्णाला डॉक्टरने गोडीत नाही कसं म्हणावं. तीन वर्षं तिने याच्या संशोधनात घातली होती. कर्नलना पटलं तर तिची पद्धत सैन्याच्या साऱ्या दवाखान्यांत लागू होणार. नाही पटलं तर कचेरीतला आमचा कोपरा बंद. आमचा म्हणजे तिचा, आणि समोरच्या टेबलावर बसून तिचे तक्ते रंगवणाऱ्या माझा.

सॅन अँटोनियोत जानेवारीत सगळेच खोकतात. सीडरची झाडं परागकण उधळतात आणि अख्खं गाव नाक पुसत फिरतं. अशा खोकल्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, हे तर कॉर्डेलियानेच छापून आणलं होतं. तरी दुपारी ती छावणीतल्या दवाखान्यात गेली. नवरा निवृत्त सार्जंट असल्याने तिला तिथे औषधपाणी मिळतं. "नुसता घसा दाखवून येते," असं ती मला म्हणाली. आम्ही विद्वान माणसं स्वतःशी फार सभ्यपणे खोटं बोलतो.

डॉक्टर होता कॅप्टन प्रुइट, तिच्याच प्रशिक्षणवर्गात पहिला आलेला.

"कफ झालाय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला वाटतं, सायनसचं दुखणं आहे."

रोगाचं नाव आपणच सांगून टाकणं हा रुग्णाचा गोळी मागायचा पहिला डाव, असं ती वर्गात शिकवत असे. प्रुइटने शांतपणे छाती तपासली.

"छाती स्वच्छ आहे मॅडम, तापही नाही. आता काय करायचं ते सांगतो. मध घालून गरम चहा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि आवाजाला आराम."

'नाही' हा शब्द न उच्चारता दिलेला नकार. वाक्य तिचंच होतं. कॉर्डेलियाला अभिमान वाटला आणि त्याहून जास्त राग आला.

"मागच्या वर्षी असंच झालं होतं. तेव्हा अँटिबायोटिकने लगेच उतार पडला."

"तेव्हा फारच त्रास झाला असेल," प्रुइट मायेने म्हणाला. "यंदा मध घेऊन..."

"मधाचं कळलं हो मला. मीच शिकवलंय ते तुम्हाला."

"हो मॅडम, म्हणून तर सांगतोय."

तेवढ्यात तिला ढास लागली. ती वाकली आणि स्वेटरमधून गळ्यातलं ओळखपत्र बाहेर लोंबलं. उद्याच्या बैठकीसाठी ते तिला त्याच सकाळी मिळालं होतं. छावणीत पाहुण्यालाही हुद्दा ठरवून देतात. गाडी कुठे लावायची आणि जेवायला कोणत्या टेबलावर बसायचं, एवढ्यापुरता. प्रुइटने ते वाचलं आणि तो उठून ताठ उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीच्या?"

"गाडी लावण्यापुरती."

"आधी सांगायचंत ना," असं म्हणून त्याने गोळ्या लिहूनही टाकल्या.

इथे तिने त्याला थांबवायला हवं होतं. तिने आभार मानले.

संध्याकाळी तिचा मला फोन आला. "रॉस्को, प्रत्येक रुग्ण कितीदा खाकरला तेसुद्धा आपण नोंदवलंय. त्याचा हुद्दा नोंदवलाय का रे?"

"तक्त्यात त्या रकान्याला जागा नव्हती," मी म्हणालो.

"म्हणजे आपली पद्धत चालते ती फक्त साध्या शिपायांवर. वरचा कुणी आला की मध संपला. उद्या कर्नलना सांगायला हवं."

"तू गोळी घेतलीस?"

"एक," ती म्हणाली. "जेवणानंतर."

मी गप्प राहायचा सल्ला दिला. शास्त्राचं हित एकीकडे आणि माझी नोकरी एकीकडे असली की मला निर्णयाला फारसा वेळ लागत नाही. कॉर्डेलियाने ऐकलं नाही. गुरुवारी तिने फाटक्या आवाजात सगळं सांगून टाकलं, घेतलेल्या गोळीसकट. सांगताना तिचे कान लाल झाले होते. मला तिची लाज वाटली, आणि मग माझी जास्त वाटली.

कर्नलनी मागच्या रांगेत बसलेल्या प्रुइटकडे पाहिलं.

"माझा कॅप्टन तुम्हाला नाही म्हणू शकला नाही?"

"नाही, सर. आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही."

"उपाय सोपा आहे. प्रुइट, उभा राहा. मॅडमना आत्ता, माझ्यासमोर नाही म्हण. हुकूम आहे."

प्रुइट उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी कर्नलना खोकला आला. चांगला लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारा. प्रुइटने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरच्या बिल्ल्याकडे.

"सर," तो अदबीने म्हणाला, "तुम्हालाही लिहून देऊ का?"

कर्नलनी रुमालाने डोळे पुसले.

"आणखी तीन वर्षं अभ्यास करा," ते कॉर्डेलियाला म्हणाले. मग प्रुइटकडे वळून जरा हळू आवाजात, "पाच दिवसांच्या गोळ्या पुरतील ना?"