डावीकडचा शेजार

लिंबाजीकाकांना "चहा कसा झालाय?" असं विचारलं की ते पेला खाली ठेवून उलट विचारत, "कोनासंगं?"

म्हणजे कोणाच्या चहाशी ताडून पाहायचं ते आधी सांगा. तब्येत विचारली तरी तेच. "कोनासंगं? कालच्यासंगं, का पानठेल्यावाल्या रामलूसंगं?" एकटी वस्तू त्यांना चांगली किंवा वाईट म्हणताच यायची नाही. उभा जन्म पैमाईशच्या खात्यात जमिनी मोजायची साखळी ओढण्यात गेलेला, तिथंच हे लागलं असावं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला. आदिलाबादच्या आमच्या गल्लीत ते माझ्या डावीकडच्या घरात एकटेच राहायचे आणि दिवसातून सहा-सात वेळा माझं दार वाजवायचे. कधी पेपर मागायला, कधी वाचलेला पेपर मला समजावून सांगायला.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. ऑफिसातली कपाटं, फायली आणि माणसं चारी दिशांना निघाली. कोणतं गाव आता कोणत्या जिल्ह्यात, हे आम्हा कारकुनांनाही भिंतीवरची यादी बघूनच सांगावं लागे. माझं टेबल मंचेरियलला गेलं आणि त्याच्यामागून मलाही जायचं होतं. म्हणून घर विकायला काढलं.

"काका, भाव काय सांगू?"

"कोनासंगं?" ते म्हणाले. या खेपेला प्रश्न बरोबर होता. "घराले एकट्याले भाव नसते, देवराव. बाजूचे घरं पाहा लागते."

गल्लीत नुकतीच दोन घरं विकली गेली होती, दोन्ही माझ्याएवढ्याच जागेवरची. एक मल्लय्या सरांचं, दुसरं एका कापसाच्या दलालाचं. काका टेप आणि वही घेऊन निघाले. ऊन कधी सरकतं ते पाहायला सरांच्या ओट्यावर एक अख्खी दुपार बसले. तिथल्या नव्या माणसांना वाटलं, नव्या जिल्ह्याचे कोणी साहेब आलेत. त्यांनी दोनदा चहा दिला. दलालाच्या नळाला पाणी किती आधी येतं ते पाहायला दोन सकाळी बादली लावून उभे राहिले. सोमवारी माझं घर सरांच्या घराहून महाग निघालं. मंगळवारी दलालाच्या घराहून स्वस्त. आणि बुधवारी दलालाचं घर सरांच्या घराहून स्वस्त निघालं. तिघांत महाग कोणतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"आनखी एक हाय," काका म्हणाले. "जिल्हा लहान झाला. मंग जिल्ह्याच्या ठिकानचं घर महाग झालं का सवंग?"

"ते कसं ठरवायचं?"

"तेच तं समजून नाही राह्यलं."

त्यावर आम्ही दोघं तीन दिवस विचार करत होतो.

शेवटी काकांचा कागद पुरा झाला. गिऱ्हाईक आलं होतं: श्रीनिवास नावाचा बँकेतला तेलुगू माणूस, निर्मलहून बदलून आलेला, म्हाताऱ्या आईला घेऊन राहणार होता. काकांनी त्याच्यासमोरच कागद वाचायला घेतला. दुपारची सावली, अधिक. नळाचं पाणी, वजा. उजवीकडचा शेजार, सासू-सुना भांडतात पण दिवाळीला फराळ येतो, ना अधिक ना वजा. डावीकडचा शेजार, एकटा म्हातारा, फार बोलतो, सारखं दार वाजवतो. चाळीस हजार वजा.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"काका, हे खोडा," मी म्हणालो.

"काऊन खोडू? सरांच्या बाजूले लेकराबाळाचं घर हाय. दलालाच्या बाजूले डॉक्टर. तुमच्या बाजूले मी. फरक हाय का नाही?"

"मी कधी तक्रार केली का?"

"तुमी सवयीचे झाले. नव्या मानसाले सांगा लागते."

नळाच्या पाण्याबद्दल बोलले त्याच आवाजात ते हे बोलले. श्रीनिवास कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. घर कागदातल्याच भावानं गेलं.

मंचेरियलला जाऊन महिना झाला असेल. श्रीनिवासचा फोन आला. तो चाचरत म्हणाला, "देवरावजी, वो काका हमसे नाराज हैं क्या? एक बार भी नहीं आए. अम्मा दिनभर अकेली बैठती है. मैंने कागज का बताया था, तो रोज पूछती है, वो दरवाजा बजानेवाले कब आते?"

रविवारी पहिल्या बसनं मी आदिलाबादला गेलो. काकांचं दार भरदिवसा आतून लावलेलं होतं. उघडलं तेव्हा दाढी वाढलेली.

"दार काऊन लावलं, काका?"

"कागदात लिवून देल्लं होतं ना," ते म्हणाले. "तरी त्याईनं घर घेतलं, भला मानूस. आता म्या जाऊन तरास देऊ का?"

श्रीनिवासची आई काय विचारते तेवढं सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "काय म्हन्ते ते?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही, पण मी तिसऱ्यांदाही सांगितलं.

त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. श्रीनिवासच्या फाटकाशी येऊन थांबले. "तुमी पुढं व्हा," म्हणाले.

दार म्हातारीनंच उघडलं. ओट्यावरची खुर्ची उन्हातून सावलीत ओढली आणि तेलुगूत "बसा" म्हणाली. काका बसले. त्यांनी तिला तेलुगूतच तिचं गाव विचारलं. तिनं सांगितलं. त्या गावाची जमीन त्यांनी तरुणपणी मोजली होती. तिथल्या तळ्याची गोष्ट निघाली, मग तळ्याकाठच्या चिंचेची.

माझी परतीची बस दोनची होती. "येतो मी," म्हणालो. दोघांनाही ऐकू गेलं नाही.