पाहुण्याची बाज

गफूर मिस्त्रींकडं कुणीही गेलं की पाणी विचारायच्या आधी ते विचारायचे, "कुशीवर झोपता का उताणे?" समोरचा पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला असो, नाहीतर कुणाचा व्याही असो. तो उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर मिस्त्रींच्या खिशातला टेप बाहेर निघालेला असायचा, आणि डोक्यापासून टाचेपर्यंत माप सुरू. आमच्या ह्यांचं माप त्यांनी चारदा घेतलं. चौथ्या वेळी म्हणाले, "साहेब, तुम्ही रुंदीला वाढून राहिले." खोटं नव्हतं, पण म्हणून काय तोंडावर सांगायचं?

लातुरात आमच्या गल्लीत तेव्हा एका घरात क्लास आणि पुढच्या घरात होस्टेल, असं पार टोकापर्यंत चाललेलं. मी पोरांची मेस चालवायचे. शेजारी मिस्त्री. हयातभर त्यांनी ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधल्या. बायको वारलेली, मुलगा सलीम पुण्याला नोकरीत. चांगलं दोन मजली सिमेंटचं घर होतं मिस्त्रींना, पण ते त्यांनी क्लासच्या पोरांना राहायला दिलं होतं. स्वतः मात्र पुढच्या मोकळ्या जागेत एका ट्रेलरमध्ये राहायचे. जुन्या ट्रेलरच्या सांगाड्यावर स्वतःच्या हातांनी बांधलेली सागवानी खोली, खाली चार चाकं, आत कपाटं, स्टोव्ह, खिडकीला जाळी. भूकंप होऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. एवढ्या वर्षांत हा माणूस एकदाही स्लॅबखाली झोपला नव्हता.

मी एकदा खवचटपणे विचारलं, की मिस्त्री, घराची एवढी भीती वाटते तर परक्यांची लेकरं कशाला ठेवलीत त्यात? ते म्हणाले, "घर पक्कं हाय वैनी. मीच कच्चा हाय."

समोरच्या क्लासच्या सरांना ती मोकळी जागा सायकली लावायला हवी होती. त्यांनी अर्ज ठोकला. नगरपालिकेचा माणूस आला, म्हणाला, हे बिनपरवाना बांधकाम आहे. मिस्त्री म्हणाले, चाकं बघा, गाडी आहे ही. मग गाड्यांच्या कार्यालयाचा माणूस आला, म्हणाला, नंबर कुठंय? मिस्त्री म्हणाले, चूल बघा, घर आहे हे. दोघंही डोकं खाजवत गेले. सलीमचा फोन यायचा, की अब्बा, लोक हसतात, पुण्याला या. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. हसू दे, लोकांचे दात हायत, लोकांनीच झिजवावेत.

पण त्यांच्या जिवाला खरा घोर होता तो त्या ट्रेलरमधल्या पाहुण्याच्या जागेचा. स्वतःला एक फळी पुरायची. पाहुण्यासाठी मात्र काय काय केलं त्यांनी! आधी रेल्वेसारखा साखळीवरचा बाक केला. त्यावर हे झोपले आणि साखळीसकट खाली आले. मग जेवायचं टेबल खाली पाडून त्याचाच पलंग होईल अशी करामत केली. मग सलीमनं पाठवलेली हवेची गादी आली, ती सकाळपर्यंत सुस्कारे टाकत चपटी झाली. मग फोम, एक थर, दोन थर, तीन थर. प्रत्येक वेळी आमचे हे झोपून बघणार आणि "छान आहे" म्हणणार. हे मेसच्या तांदळाच्या पोत्यावरही घोरतात. असल्या माणसाच्या मताला काय चाटायचंय?

मग मिस्त्रींना क्लासवाल्या पोरांचे आईबाप सापडले. कुणी जळकोटचं, कुणी हिमायतनगरचं. पोराला सोडायला आले की रात्रीच्या मुक्कामाची पंचाईत. होस्टेलात मोठ्यांना मज्जाव. मिस्त्री त्यांना हाताला धरून ट्रेलरमध्ये न्यायचे. फुकट. अट एकच, की सकाळी झोप कशी लागली ते सांगायचं. हिमायतनगरचा एक बाप सकाळी डोळे सुजवून बसलेला. मिस्त्रींनी घाबरून विचारलं, गादी टोचली का? तो म्हणाला, न्हाई हो, पोरगं आठवलं. मिस्त्री सुटल्यासारखे म्हणाले, "मग गादी पास."

वर्षभर सगळ्यांनी गादी पासच केली. लई झ्याक झोप लागली, असं आयुष्यात झोपलो न्हाई, आणि असलंच बरंच काही. मिस्त्री फुगून टुम्म. आणि एक दिवस पहाटेच चहा द्यायला म्हणून त्यांनी दार उघडलं, तर उदगीरकडचं एक जोडपं खाली फळ्यांवर स्वतःची चादर अंथरून गाढ झोपलेलं. फोमची गादी वर तशीच्या तशी, सुरकुतीसुद्धा नाही. मिस्त्रींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा बाई लाजत म्हणाली, त्यात बुडाल्यासारखं होतं, पण तुम्ही एवढ्या हौसेनं केलं, कसं सांगावं?

मिस्त्री तणतणत माझ्या मेसमध्ये आले. म्हणाले, वर्षभर सगळे खोटं बोलून राहिले. मी पीठ मळत होते, मीही तापले. म्हटलं, अहो मिस्त्री, आपल्याकडं कोणता पाहुणा कधी खरं बोललाय? मीठ नसलेली भाजीसुद्धा मागून घेतो तो. आणि एवढं कुणासाठी चाललंय तुमचं? कोण लाटसाहेब येणार आहे?

ते तिथंच पोत्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं.

औशाच्या पुढं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, जैनबआपाचं गाव. भूकंपाच्या आदल्या दिवशी मिस्त्री तिच्याकडं गेले होते. "घरात बाज एकच होती वैनी. मी पाहुणा, म्हणून आपानं ती मला दिली. अंगणात, वाऱ्याला. सोता पोरीला घेऊन आत माळवदाखाली भुईवर झोपली." पहाटे मिस्त्री बाजेवरून खाली पडले, तेवढंच. हातभर मातीचं ते माळवद दगडांसकट आत बसलं होतं. त्यांनी हातांनी उकरून आपाला काढलं. आपाची पोरगी वाचली नाही. ती नववीत होती.

तेव्हापासून आपा छताखाली आली नाही. सरकारनं दिलेल्या पक्क्या घरात शेळ्या राहतात, आपा बाहेर. पावसात अंगावर ताडपत्री ओढते, पण आत जात नाही. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात ऑपरेशननंतर धूळवाऱ्यात झोपायचं नाही, आणि आपा म्हणते, आंधळी होईन, पण आत निजणार न्हाई.

"तिनं मला पाहुणा केला म्हणून मी हाय," मिस्त्री म्हणाले. "मला तिला एकदा पाहुणी करायची हाय. तिची नजर जायच्या आधी."

माझे हात पिठातच राहिले. रडू आवरायला मला नेहमी राग लागतो, म्हणून मी रागावूनच म्हणाले, "मग वर्षभर गाद्या कसल्या करून राहिलात? ती काय गादीला घाबरते का?"

मिस्त्री उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलरच्या टपावर करवत घेऊन बसले. चाळीस वर्षं या माणसानं ट्रकांच्या बॉड्या बांधल्या, कापली कधी एकही नव्हती. पाहुण्याच्या जागेवरचं सगळं सागवानी छत त्यांनी कापून काढलं. खाली सुतळीनं विणलेली नवी बाज ठोकून बसवली. धुळीसाठी मच्छरदाणीचं बारीक कापड ताणलं, त्यावर दोरीनं सरकणारं कॅनव्हास. क्लासचे सर गॅलरीतून हसले, म्हणाले, मिस्त्री, आता पावसाळ्यात काय? मिस्त्रींनी वर न बघता सांगितलं, "छत माझं, करवत माझी, पाऊस बी माझ्यावरच पडंल. तुम्ही शिकवा."

वर छत नाही हे ऐकून आपा तयार झाली आणि ऑपरेशन करून आली, एका डोळ्यावर हिरवी झापड. हाडकुळी, ताठ, जिभेला धार. पायरी उंच आहे म्हणाली, रंग घाणेरडा आहे म्हणाली, माझी खिचडी पातळ आहे म्हणाली. मला ती तिथंच आवडली. दारात मात्र तिचा पाय अडला. मिस्त्रींनी दोरी ओढली, कॅनव्हास पार मागं गेलं, वर सगळं आभाळ. आपा बाजेवर बसली. मग आडवी झाली. मिस्त्री दोरी धरून उभे, मी ताट धरून उभी. दुपारचे तीन वाजले असतील.

बऱ्याच वेळानं आपा म्हणाली, "गफूर, वो उप्पर का खेंच. धूप लग री आँख कू."

मिस्त्रींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी अर्धं कॅनव्हास ओढलं आणि थांबले. "पूरा खेंच," आपा म्हणाली. त्यांनी पूर्ण ओढलं. गाठ त्यांना जमेना, ती मला बांधावी लागली. पाच मिनिटांत आपा घोरायला लागली.

आम्ही बाहेर आलो तेवढ्यात क्लास सुटला. दोनशे पोरं, दोनशे सायकली, सगळ्यांच्या घंट्या एकदम. मिस्त्री धावत जाऊन क्लासच्या फाटकात आडवे उभे राहिले, दोन्ही हात पसरून. सर खाली आले, म्हणाले, अहो, पुढची बॅच आत यायचीय, हा काय तमाशा? मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, माझी बहीण झोपली हाय, कुणी घंटी वाजवायची न्हाई. मी मेसचं उलथनं घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. सरांनी उलथन्याकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरले. पोरं शहाणी, जिथल्या तिथं सायकली धरून थांबली. एवढी शांत गल्ली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

आणि त्या शांततेनंच आपाला जाग आली. आतून बारीक, घाबरलेला आवाज आला, "गफूर... सब हैं ना?"

मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही तेव्हाच समजलं, की असली शांतता तिनं याआधी एकदा, भूकंपाच्या त्या पहाटे, ऐकलेली आहे. ते पोरांकडं वळले. "वाजवा रे," म्हणाले. पोरांना काही कळेना. मग मिस्त्री ओरडले, "समदे वाजवा!"

दोनशे घंट्या एकदम वाजल्या. सरांनीही शेजारच्या सायकलीची वाजवली, मी बघितलं. मी ट्रेलरच्या दारातून डोकावले. आपा उठली नव्हती. तिनं कूस बदलली होती, आणि त्या एवढ्या गलक्यात ती पुन्हा घोरत होती.