गोठ्यातला गुप्तहेर

दुधाचा चोर मी पकडणार, आणि पोलिसांशिवाय पकडणार, असं मी जेवताना जाहीर केलं. बायको, रूपाली, भाकरी वाढत म्हणाली, "आधी ते पुस्तक ताटाजवळून उचला."

पुस्तक आमच्या जागृतीचं. ती नववीत आहे. तिच्यामुळे घरात आम्हीही शाळेची मराठी बोलतो. शहाद्याच्या वाचनालयातून ती एकामागून एक रहस्यकथा आणते. तिच्याच वयाची पोरं, मोठ्यांना दिसत नाही ते त्यांना दिसतं, आणि शेवटी फौजदार त्यांचे आभार मानतो. अभ्यास सोडून हे काय वाचतेस म्हणून रागवायला एक पुस्तक हातात घेतलं, आणि ते मला खाली ठेवता येईना. मग रोज दुपारी गोठ्यातल्या खाटेवर पडून वाचू लागलो. त्या पोरांना कोणी भाव देत नाही, तरी शेवटी तीच खरी ठरतात. मला हे फारच जवळचं वाटलं.

अशातच म्हैस दूध कमी देऊ लागली. चारा तोच, सरकीची ढेप तीच. डॉक्टर म्हणाले, म्हैस ठणठणीत आहे. म्हणजे कोणीतरी परस्पर काढून नेतंय. पुस्तकातली पोरं, ज्याच्यावर कोणाचाच संशय नाही त्याच्यावर आधी नजर ठेवतात. आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, असा माणूस एकच, शेजारचे हिलालआप्पा. माझ्या लग्नात घरचं कार्य समजून पंगतीत वाढत फिरलेले. अलीकडे मात्र ते दुपारी शर्टाखाली पिशवी दडवून पपईच्या शेताकडे निघायचे.

"आप्पाबाबा दूध चोरतील?" जागृतीने विचारलं.

"गुप्तहेराला शेजारीपाजारी नसतात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून मी त्यांच्या मागे गेलो. पपईच्या खोडामागे लपणं म्हणजे विजेच्या खांबामागे हत्तीने लपणं. माझं पोट दोन्ही बाजूंनी बाहेर. बांधावर पोचताच आप्पा वळले.

"योगेंद्र, मन्हा मांगे काबर फिरी ऱ्हायना?"

"आप्पा, पिशवीमा काय शे?" मी दरडावलं.

ते ओशाळले. पिशवीत दुधाची किटली नव्हती. तसलंच एक पुस्तक होतं, मुखपृष्ठावर दुर्बीण घेतलेली मुलगी.

"घरमा वाचू ते सून हासी," ते हळूच म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "तू माले चोर समजना?"

मी डोक्याचा टॉवेल सोडला. आप्पांनी पुस्तक पिशवीत ठेवलं आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांचा शेजार मी एका खोडामागे उभं राहून घालवला, असं मनात आलं.

"चुकनं, आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी काखेत मारली. "चाल गोठामा. जठे चोरी व्हस, तठे पहिले देखानं. इतलं बी नही वाचं का?"

आम्ही गोठ्यात आलो. म्हशीखाली पारडू उभं होतं. शेपूट हलवत, तोंडाला फेस आणून, निवांत दूध पीत होतं. खुंट्याशी दावं मोकळं पडलेलं. आप्पांनी दाव्याकडे पाहिलं, खाटेवर पालथ्या पडलेल्या पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पारडूले कोन बांधस?"

"मीच," मी म्हणालो. दुपारी त्याला पाजून, बांधून मगच खाटेवर टेकायचं, हे माझं काम. पण पुस्तकातलं आदल्या दिवशीचं प्रकरण ऐन भुयाराच्या तोंडाशी थांबलेलं असायचं, आणि दाव्याची गाठ मारायला तेवढी सवड कोणाला?

आप्पा खाटेवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझ्या घरी हे न सांगण्याच्या बोलीवर माझं पुस्तक घेऊन गेले.

संध्याकाळी ताट वाढताना रूपालीने विचारलं, "सापडला का चोर?"

"सापडला," मी गंभीरपणे म्हणालो. "लहान होता, म्हणून सोडून दिला."

जागृतीने पुस्तकातून मान वर केली नाही.

"सोडून नका देऊ, पप्पा," ती म्हणाली. "बांधून ठेवा."