नारायणरावांची इंदुरी मोटार

बैल जुंपलेली मोटार मी आयुष्यात एकदाच पाहिली. तिच्या स्टिअरिंगवर आमचे शेजारी नारायणराव काळा कोट, टोपी घालून ताठ बसले होते. नागपुरातली आमची सगळी धंतोली ओट्यावर आली. मी विचारलं, "बिघडली का हो?"

"बिघडंल काहून? पण नंबर इंदूर संस्थानचा आहे न गा, मास्तर. इथं इंग्रजी राज्य. नवा नंबर भेटल्याबिगर इंजिन चालू करनार नाही. बैलाले कोनता नंबर लागते?"

नारायणराव मूळचे नागपूरचेच. तीस वर्षं इंदुरात ओव्हरसियर होते. महिन्यापूर्वी नोकरी सोडून, मोटार मालगाडीवर चढवून परतले. एकटा जीव. कायद्याचा मात्र भारी सोस. दूध पातळ आलं तरी गवळ्याला सांगत, "कायद्यानं हे दूधच नाही!"

अर्ज इंग्रजीत लिहायचा, म्हणून त्यांनी मलाही मागच्या सीटवर बसवलं. नोंदणीच्या ऑफिसातल्या साहेबांनी आधी बैलांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"चालवून दाखवा."

"नंबर द्या, चालवतो."

"अहो, चालवल्याशिवाय ब्रेक कसे तपासू?"

"अन् नंबराबिगर कायद्यानं चालवू कशी?"

अर्धा तास हेच. शेवटी साहेबांनी वैतागून 'आवारात चालवण्यास हरकत नाही' असं लिहून खाली शिक्का हाणला. नारायणरावांनी तो कागद दोनदा वाचला, बैल सोडले, गाडी पळवली आणि असा ब्रेक दाबला की मी मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आलो. "ब्रेक बरोबर आहेत," साहेब म्हणाले.

नंबर मंजूर झाला. आता राहिला विमा. इंदूरचा इथं चालत नव्हता. एजंट घरी येऊन फॉर्म भरू लागला. "गाडीचा उपयोग काय? धंदा, भाडं, की घरगुती?"

ज्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला कलम तयार असायचं, त्या नारायणरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "बहिनीसाठी लिहा."

"असा रकाना नाही, साहेब."

"मंग आखा न एक."

त्यांना बहीण आहे हे मला तेव्हा कळलं. आई गेल्यावर याच बाईंनी त्यांना वाढवलं होतं. आता त्या गावातल्या महाल भागात एकट्या, पायांनी अधू. यजमान गेल्यापासून उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. "टांग्यात चढता येत नाही तिले," नारायणराव म्हणाले. "मोटारीचं पायदान खाली असते."

सगळे कागद हाती आले त्या रविवारी आम्ही दोघांनी बाईंना खुर्चीसकट उचलून गाडीशी नेलं आणि पुढं बसवलं. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. अंबाझरीच्या तलावावर नारायणरावांनी गाडी पाण्याशी उभी केली. बाईंनी पदर मागे सारून तोंड वाऱ्याकडे केलं. मग म्हणाल्या, "हवा लागून राहिली रे, नारू."

परतताना महाल जवळ आला तशी त्यांनी भावाच्या बाहीला हात लावला. "हळू चालव. लवकर घर येऊन जाईल."

घराचं वळण आलं. नारायणरावांनी ते सोडून गाडी सरळ नेली.