ढवळे सरांची बारा घमेली

बागेत तंबू ठोकायचा असेल तर माती घरून न्यावी लागते, हे मला ढवळे सर भेटेपर्यंत माहीत नव्हतं.

दर रविवारी सकाळी पावणेसातला आमच्या पुनावळ्यातल्या उद्यानाच्या फाटकाशी एक छोटा टेम्पो थांबायचा. त्यातून खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात स्कार्फ आणि शिट्टी अशा थाटातले अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ उतरायचे आणि मातीने भरलेली बारा घमेली एकेक करून आत न्यायचे. बागेत सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले. उरलेल्या जागेत हिरवळ, तीही प्लॅस्टिकची. तिच्यात खुंटी घुसत नाही. म्हणून सरांनी ही युक्ती काढली होती. तंबूच्या भोवती घमेली मांडायची, घमेल्यातल्या मातीत खुंटी ठोकायची आणि दोरी ताणायची. जरा वारा आला की घमेल्यांसकट तंबू चालायला लागायचा, त्याच्यामागे पोरं धावायची आणि सर शिट्टी फुंकून ओरडायचे, "नॉट ओके! रिवर्क!"

मी शाळेत मराठी शिकवते. स्काउटशी माझा काहीही संबंध नव्हता. चार वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत येऊन विचारलं, "स्काउटच्या पथकाला मदतनीस कोण होणार?" तेव्हा सगळे शहाणे लोक खिडकीबाहेर बघत होते आणि मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. मान वर केली तोवर माझे रविवार गेले होते.

ढवळे सर शाळेचे शिक्षक नव्हेत. ते गावचेच. चाकणकडच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग व्हायचे, तिथे त्यांनी एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढली. म्हणजे तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या हाताखालून जायचा. बरोबर असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल. निवृत्त झाले, पण हाताची सवय काही निवृत्त झाली नाही. खिशात दोन्ही रंगांच्या टॅगांचे गठ्ठे कायम. पोरांनी मारलेली गाठ, बांधलेला स्कार्फ, भरलेली पाण्याची बाटली, सगळ्याला टॅग. एकदा मी त्यांच्या घरी दिलेल्या पोह्यांच्या डब्याला त्यांनी लाल टॅग लावला. कारण लिहिलं होतं : मीठ.

फक्त पोरांना कधी टॅग लागला नाही. एक आई फाटकापाशी तावातावाने विचारायला आली होती, "सर, माझ्या मुलात काही प्रोग्रेस आहे का नाही?" पालकांना फाटकाच्या आत यायला सरांची सक्त मनाई होती, त्यामुळे ही मुलाखत गजांमधूनच झाली. सर म्हणाले, "ताई, पोरांत रिजेक्शन नसतं. फकस्त रिवर्क." त्या बाईंना काही कळलं नाही. पुढच्या रविवारपासून मुलगा अबॅकसच्या क्लासला जायला लागला.

बागेच्या दारात एक पाटी आहे. पळू नये. चेंडू आणू नये. झाडांना हात लावू नये. हिरवळीवर बसू नये. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. विस्तव पेटवू नये. मुलांनी बागेत नेमकं करावं काय, ते मात्र पाटीवर कुठेच नाही. दुसरा कोणी असता तर पाटीला शिव्या घालून घरी गेला असता. सरांनी ती पाटी कंपनीतल्या ड्रॉइंगसारखी वाचली, वहीत उतरवून घेतली आणि त्यात बसेल असा कार्यक्रम आखला. पळायचं नाही, तर भरभर चालायचं. झाडाला दोरी बांधायची नाही, तर झाडाच्या जागी मी. चार वर्षांत मला सगळ्या प्रकारच्या गाठी बसल्या आहेत. विस्तव नाही, तर तीन दगड मांडायचे, काटक्या रचायच्या आणि थांबायचं. सर ओणवे होऊन फुंकणीएवढ्या अंतरावरून बघायचे आणि म्हणायचे, "पेटली असती. ओके." अशा न पेटलेल्या चुलींवर आमच्या पोरांनी चार वर्षं स्वयंपाक केला. मला आधी हसू यायचं, मग वाटायचं : अख्ख्या शहरात दहा वर्षांच्या पोराला काडी ओढायला हातभर जागा नसावी?

वॉचमन लातूरकडचा. बिचारा वाईट नव्हता. "ओ सर, माती सांडायलीय की! वरून साहेब आले की मला बोलणी बसतेत," म्हणून तो काकुळतीला यायचा. मग सर खराटा काढायचे आणि सांडलेली माती पुन्हा घमेल्यात भरायचे, अगदी चिमटीने.

मी आले तेव्हा पथकात बत्तीस पोरं होती. दरवर्षी काही गळायची. कोणाचा ऑलिम्पियाडचा क्लास, कोणाचं स्केटिंग, कोणाच्या वडिलांची रविवारी एकच सुट्टी, तीही मॉलसाठी. गेल्या वर्षी पंधरावर आलो. जानेवारीत मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाल्या, रोबोटिक्सवाले तास मागताहेत. वार्षिक सहलीला सोळा मुलं हजर असली तर पथक चालू ठेवू. एक जरी कमी झालं तरी बंद.

"सोळा हायेत," सर ताडकन म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या हिशेबाने पंधराच होती. पण हजेरीची वही कायम त्यांच्याकडे असायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. असेल एखादा नवा, म्हणून मी गप्प बसले.

खरं सांगायचं तर हे पथक बंद पडावं असं मला चार वर्षं मनापासून वाटत होतं. मला रविवारी आठपर्यंत झोपायचं होतं. आणि आता ते आयतं बंद पडत होतं, तर त्या आठवड्यात मी काय करावं? पंधराच्या पंधरा आयांना फोन केले. एकीला विनवलं, एकीला दरडावलं, एकीच्या मुलाची निबंधाची वही तपासून द्यायचं कबूल केलं. माझी मलाच चीड येत होती. पण फोन करायच्या आदल्या दिवशी मी सरांच्या घरावरून गेले, तर हा माणूस अंगणात उकिडवा बसून चाळणीने माती चाळत होता. पोरांच्या हाताला खडा लागू नये म्हणून. हे बघितल्यावर काय करणार?

सहलही त्याच बागेत. त्या दिवशी पंधराही पोरं आली. एकही गळालं नाही. तीन तंबू उभे राहिले, एकही चालला नाही. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. सर मात्र फाटकाकडे बघत उभे. साडेआठ झाले, नऊ झाले.

"सर, सोळावा कोण?"

"येईल."

दहाला आम्ही सामान आवरलं. अहवालाचा कागद माझ्याकडे होता. मी म्हटलं, "सोळा लिहिते. कोण मोजायला येतंय?"

"न्हाई मॅडम."

"मग त्या झोपाळ्यावरच्या पोराला पाच मिनिटं टोपी घाला. सोळा होतील!"

"पंधरा हायेत तर पंधरा लिवायचं."

"अहो, पथक बंद होईल!" मी ओरडलेच. पोरं बघायला लागली. "चार वर्षं मी तुमच्या दोऱ्या अंगाला गुंडाळून घेतल्या त्या यासाठी? एका आकड्यासाठी? कोणाचं काय नुकसान होणार आहे?"

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "स्काउटला शपथ देतो ना मी, खरं बोलीन म्हणून. मंग मी कसं लिवू?" मी पंधरा लिहिलं. कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं. बुधवारी पथक बंद झालं.

त्या शनिवारी सकाळी तंबू आणि शिट्ट्या शाळेत जमा करायच्या होत्या, म्हणून सामान आणायला मी त्यांच्या घरी गेले. सर अंगणात घमेली रिकामी करत होते. घरात दुसरं कोणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हजेरीची वही ओट्यावर होती. जमा करायची म्हणून मी उघडली. पंधरा नावं निळ्या शाईत. खाली सोळावं, शिसपेन्सिलीने : विहान राजेंद्र ढवळे. त्याच्यापुढे दोन वर्षांचे रविवार, सगळे गैरहजर. एकही चौकोन रिकामा नाही.

"हा कोण, सर?"

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. हात झटकले. "नातू. कुरुळीला असतो. दहा वर्सं पुरी झाली तवा नाव घातलं."

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

"पोराला, राजूला, माझ्याच कंपनीत चिकटवला हुता. काँट्रॅक्टवर. दोन महिन्यांत परमनंट होणार हुता. त्याच्या लॉटमदी सात पीस चुकीचं निघालं. मला बाजूला घेऊन म्हनला, आप्पा, बघितलं न्हाई म्हना. मी लाल टॅग लावला."

"आणि?"

"टॅगवर ऑपरेटरचं नाव लिवायची पद्धत हाय. लिवलं."

राजूची नोकरी गेली. तो बायकोला आणि दोन वर्षांच्या पोराला घेऊन कुरुळीला गेला. तिथे कुठल्याशा कंपनीत लागला. दहा वर्षांत या घरी आला नाही. कुरुळी काही परदेशात नाही, पण हेही कधी तिकडे गेले नाहीत.

"पीस चुकीचंच हुतं," सर म्हणाले. "त्यात माझी चूक न्हाई. ब्रेकचा पार्ट हाय, कुनाच्या तरी गाडीला बसनार. पर त्या दिवशी घरी आल्यावर पोराजवळ बसून एक शब्द बोलायचा हुता. तो न्हाई बोललो. आता कसा बोलू?"

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. दर शनिवारी संध्याकाळी ते पालकांना निरोप पाठवतात, हे मला माहीत होतं. मलाही यायचा. उद्या रविवार. सकाळी ठीक सात. टोपी, पाण्याची बाटली, दोरी आणणे. पालकांनी सोबत येऊ नये. राजूलाही तोच निरोप, एकाखाली एक, दोन वर्षांचे शनिवार. फक्त शेवटची ओळ वेगळी होती. पालक सोबत आल्यास चालेल.

प्रत्येकाखाली दोन निळ्या खुणा. म्हणजे वाचलेला. उत्तर एकाचंही नाही.

"वाचतो मातर," सर म्हणाले. "घरी ये म्हनायला मला तोंड न्हाई, मॅडम. पर रविवारचा निरोप द्यायला काय हरकत? तो समद्या पालकांना देतो, तसा त्यालाबी. आज पाच वाजता काय पाठवू? पथकच न्हाई. खोटा निरोप कसा देऊ?"

मला या माणसाचा इतका राग आला की मी तंबू तिथेच टाकून घरी आले. एकदा टॅगवर नाव लिहून मुलगा घालवला. आता पंधरा लिहून, त्याला हाक मारायची एवढी एक फट होती तीही बुजवली. आणि दोन्ही वेळा माणूस बरोबर! त्याच्याशी भांडायचं तरी कुठून?

दुपारभर मी घरात आदळआपट केली. पाचला पाच कमी असताना फोन लावला.

"सर, उद्या सहल आहे."

"कुनाची? पथक बंद झालं न्हवं?"

"तुमची आणि माझी. मी सातला येतेय. दोन माणसं टोपी घालून, बाटली घेऊन बागेत जमली तर ती सहल होते की नाही? नियमात बसतं की नाही, ते सांगा."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. ड्रॉइंग तपासत असावेत.

"व्हय," ते म्हणाले. "हुती की."

"मग निरोप खरा आहे. पाठवा."

याला आता पाच महिने झाले. दर रविवारी सात वाजता आम्ही दोघं टोप्या घालून बागेतल्या बाकावर बसतो. सर गाठी मारतात आणि सोडतात. निरोप दर शनिवारी जातो. वाचला जातो. उत्तर येत नाही. येईल असं मला वाटत नाही, आणि हे मी त्यांना सांगितलेलंही नाही.

बागेत आठच्या सुमाराला आईबापांचं बोट धरून पोरं यायला लागतात. त्यात अकरा-बारा वर्षांचा एखादा अनोळखी मुलगा फाटकातून आत आला की सर बाकावरून उठून उभे राहतात. नातू दोन वर्षांचा असताना पाहिलेला, आता त्याचा चेहरा त्यांना माहीत नाही. त्यामुळे प्रत्येकासाठीच उठावं लागतं. मुलगा घसरगुंडीकडे निघून गेला की ते खाली बसतात. दुसरा आला की पुन्हा उठतात.