आडनाव नको, गोत्र सांगा

“आले बघ, पेन ड्राइव्हवाले काका!” एक सेल्समन दुसऱ्याला हळूच म्हणाला. मी ऐकलं. दिनूकाकांनीही ऐकलं असणार, पण ते लॅपटॉपच्या रांगेकडे निघाले होते. हात पाठीमागे, चेहरा स्थळ बघायला आल्यासारखा.

दिनूकाका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. नोकरी संपली, तपासणी राहिली. सोसायटीत नवी लिफ्ट आली तेव्हा सकाळभर ते एकटेच खालीवर करत होते. मग बाहेर येऊन म्हणाले, “पास!” तोवर आम्ही सगळे जिन्याने.

आता लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचं, वेड आहे. “लिनक्स गुणी पोर आहे हो, पण सासर बघून द्यावं लागतं.” सासर म्हणजे लॅपटॉप. न बघता घेतलेला एक प्रिंटर त्यांच्या गॅलरीत आहे. लिनक्सशी त्याचं कधी पटलंच नाही. आता त्याच्यावर मनीप्लांट असतो.

मला एम.एस्सी.च्या कामासाठी लिनक्स लागणार होतं. आईबाबांना त्यातलं काही कळत नाही, आणि दुकानात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून काका.

“वायफाय कुठलं?”

“एकदम बेस्ट, सर. कंपनी बघा ना!”

“ते आडनाव झालं. गोत्र सांगा. आतली चिप कोणाची?”

सेल्समनने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. लॅपटॉपमधलं काही न पुसता त्यावरूनच लिनक्स सुरू करून बघता येतं. पहिल्या लॅपटॉपवर वायफाय दिसेना. दुसऱ्यावर वायफाय आलं, पण स्पीकर मुका.

“इथे नाही नांदायची ती. पुढचा दाखवा.”

मालक खुर्चीतून उठला. “आजोबा, लॅपटॉप ताईंना घ्यायचाय ना? मग त्यांना ठरवू द्या की! तुम्ही कोण त्यांचे?”

काका पेन ड्राइव्हला टोपण लावू लागले. ते काही बसेना.

“मी आपला... समोर राहतो,” ते म्हणाले.

माझी पहिली सायकल मला मिळायच्या आधी काकांनी सोसायटीच्या उतारावरून स्वतः चालवून बघितली होती. ब्रेक दाबत, थांबत, पुन्हा वर ढकलत नेत. सगळी मुलं हसत होती. घामाघूम होऊन त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “पास.” त्या सायकलवरून मी कधीच पडले नाही.

काकांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि ते दाराकडे वळले. मी त्यांची बाही धरली.

“माझे काका आहेत ते,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की दोन्ही सेल्समन वळले. “ते पास म्हणतील तोच घेणार. पुढचा दाखवा.”